तोबितचं पुस्तक आमच्या बायबलमध्ये का नाही?

उंबरठा
नात्यातल्या एका लग्नाला नुकतीच वसईला जाऊन आले. मुलगी तिथली कॅथलिक, मुलगा आमच्या नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातला. लग्नविधीत पहिलं वाचन तोबितच्या पुस्तकातलं होतं. लग्नाच्या रात्री तोबिया पलंगावरून उठतो, साराला म्हणतो, ऊठ, आधी प्रार्थना करू, आणि दोघं देवापुढे उभे राहतात. साराचे आधीचे सात नवरे पहिल्याच रात्री मेलेले असतात, त्यामुळे त्या प्रार्थनेत जीव मुठीत धरलेला आहे. मला ते वाचन फार भावलं. घरी येऊन बायबल उघडलं तर या नावाचं पुस्तकच नाही!

मांडवात दोन उत्तरं मिळाली. आमच्याकडच्या एक आत्या म्हणाल्या, "त्यांनी ते मागाहून घातलंय." वधूकडचे एक काका जेवताना म्हणाले, "ल्यूथरने काढून टाकलं," म्हणजे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मसुधारकाने. दोघंही अगदी ठाम. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. नक्की काय घडलं, कधी घडलं, कोणी ठरवलं? जाणकारांनी सविस्तर लिहा. एकमेकांच्या श्रद्धेला बोल लावायला मात्र हा धागा नको.

रानजाई
रुमाल टाकून ठेवते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण बायबल दोन प्रकारचं असतं हे आज कळतंय. फरक किती पुस्तकांचा?

सोपारा
मी वसईचाच, त्यामुळे वधूपक्षाकडून लिहितो. :)

नवा करार दोन्हीकडे एकच, २७ पुस्तकांचा. तिथे वाद नाही. जुना करार आमच्याकडे ४६ पुस्तकांचा, प्रोटेस्टंटांकडे ३९ चा. म्हणून एकूण ७३ आणि ६६. जास्तीची सात म्हणजे तोबित, युदिथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल दोघांकडे असले तरी आमच्याकडे लांब आहेत. दानीएलात सुसन्नाची गोष्ट आहे, बेल दैवताची आहे, भट्टीत टाकलेल्या तिघांचं स्तोत्र आहे.

याचं मूळ इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. तिथल्या ज्यू लोकांची रोजची भाषा ग्रीक झाली होती, म्हणून इ.स.पू. तिसऱ्या शतकात आधी तोराचं (मोशेच्या पाच पुस्तकांचं) आणि मग हळूहळू बाकीच्या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं. त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. ही सात पुस्तकं त्या ग्रीक संग्रहातून आली. ख्रिस्ती धर्म पसरला तो ग्रीक बोलणाऱ्या शहरांमधून, आणि नव्या करारातले जुन्या करारातले दाखलेही बरेचसे सेप्टुआजिंटच्याच शब्दांत आहेत. तेव्हा "मागाहून घातलं" हे मला मान्य नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या हातात जे होतं तेच आम्ही जपलं.

भिंगारवाला
सोपारा, हातात असणं वेगळं आणि शास्त्र म्हणून मानणं वेगळं.

माझे मुद्दे सांगतो. येशू लूक २४ मध्ये "मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रे" म्हणतो. ही ज्यूंच्या हिब्रू ग्रंथांची विभागणी आहे. पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की देवाची वचनं ज्यूंच्या स्वाधीन केली होती. मग यादीही त्यांचीच धरायला नको का? पहिल्या शतकाच्या अखेरीस जोसेफस हा ज्यू इतिहासकार २२ पुस्तकं सांगतो. ज्यू पुढे २४ मोजतात, आम्ही ३९, पण मजकूर तोच. बारा लघुसंदेष्टे ते एकच पुस्तक धरतात, आम्ही बारा. नव्या करारात या सातांपैकी एकाचाही दाखला "असे लिहिले आहे" म्हणून आलेला नाही.

आणि एक गोष्ट खुद्द मक्काबींच्या पहिल्या पुस्तकातली. मक्काबी म्हणजे ज्यू बंडाचे नेते; यरुशलेमचं मंदिर शुद्ध करताना विटाळलेल्या वेदीच्या दगडांचं काय करायचं त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी ते दगड डोंगरावर एका बाजूला रचून ठेवले, कोणी संदेष्टा येऊन सांगेल तोवर. म्हणजे आपल्या काळात संदेष्टा नाही, हे ते पुस्तकच सांगतं.

सोपारा
दगडांची गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडतेही. पण दाखल्यांचा नियम लावायचा तर सगळीकडे लावा. एस्तेर, उपदेशक, गीतरत्न यांचाही दाखला नव्या करारात नाही, तरी ती तुमच्याकडे आहेत. उलट यहूदाच्या पत्रात हनोखाच्या पुस्तकातलं वचन सरळ उद्धृत केलंय, ते पुस्तक तुमच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही. आणि इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात "अधिक चांगले पुनरुत्थान मिळावे म्हणून" सुटका नाकारून हाल सोसणारे येतात ना, ते २ मक्काबीच्या सातव्या अध्यायातली आई आणि तिचे सात मुलगे आहेत.

नदीकाठ
पण इ.स. ९० च्या सुमारास जाम्नियाला रब्बींची (ज्यू धर्मपंडितांची) परिषद भरली आणि ज्यूंनी यादी बंद केली, असं वाचलंय. मग विषय तिथेच संपत नाही का?

अक्षरवेल्हाळ
जाम्नियाची परिषद खूप पुस्तकांत सापडते, पण ती कल्पना १८७१ साली हाइनरिख ग्रेत्झ या इतिहासकाराने मांडली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत रुजली. १९६० च्या दशकापासून अभ्यासकांनी ती जवळपास सोडून दिली आहे. जाम्नियात (याव्ने) रब्बींची पाठशाळा होती आणि उपदेशक व गीतरत्न यांच्याबद्दल चर्चा झाल्याच्या नोंदी मिश्ना या ज्यू नियमग्रंथात आहेत. तिथला प्रश्न असा विचारतात: हे पुस्तक हाताला विटाळ करतं का? पवित्र ग्रंथाला हात लागला की हात धुवायचे, अशी ती रीत. मतदान करून यादी बंद केल्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही.

सोपारांच्या बाजूलाही एक अडचण आहे. अलेक्झांड्रियात बांधेसूद मोठी यादी होती याचा पुरावा नाही. त्या काळी ग्रंथ गुंडाळ्यांवर असत. कपाटात शेजारी कुठली गुंडाळी ठेवली यावरून यादी ठरत नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं जाड पुस्तक आलं तेव्हा आत काय घ्यायचं हा प्रश्न खरा उभा राहिला. चौथ्या शतकातली दोन प्रसिद्ध ग्रीक हस्तलिखितं घ्या. व्हॅटिकॅनसमध्ये तोबित, युदिथ, सिराख आहेत, मक्काबींचं एकही नाही. सिनायटिकसमध्ये मक्काबींचं पहिलं आहे आणि चौथंही आहे, जे कॅथलिक यादीत कधीच नव्हतं. एकाच शतकातली दोन बायबलं आणि आतला मजकूर वेगळा.

उंबरठा
अरे वा, म्हणजे सुरुवातीपासूनच कड धूसर होती. मग यावर पहिलं उघड भांडण कोणाचं?

अक्षरवेल्हाळ
जेरोम आणि ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातले दोन मोठे ख्रिस्ती विद्वान. हा माझा आवडीचा भाग, म्हणून जरा लांब लिहितो.

३८२ साली पोप दमाससने जेरोमला लॅटिन शुभवर्तमानं नीट करायला सांगितली. पुढे जेरोम बेथलेहेमला जाऊन राहिला, ज्यू शिक्षकांकडे हिब्रू पक्की केली आणि जुना करार ग्रीकवरून न करता हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. मूळ झऱ्याचंच पाणी घ्यायचं, ही त्याची भूमिका. हिब्रूत जे नाही ते त्याने अपॉक्रिफात, म्हणजे प्रमाणग्रंथांबाहेरच्या पुस्तकांत, टाकलं आणि तसं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं.

पण बिशप मंडळी ऐकेनात, त्यांना तोबित हवं होतं. तेव्हा त्याने काय केलं ते त्यानेच लिहून ठेवलंय. तोबित अरामी भाषेत मिळालं. जेरोमला ती तितकी येत नव्हती. त्याने दोन्ही भाषा जाणणारा माणूस गाठला. तो माणूस अरामी वाचून तोंडी हिब्रूत सांगणार, जेरोम ते ऐकून लॅटिनमध्ये बोलणार, आणि लेखनिक उतरवून घेणार. एका दिवसात पुस्तक पुरं! युदिथसाठी एक रात्र दिली, असं तो म्हणतो.

ऑगस्टीनला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, मंडळ्या पिढ्यान् पिढ्या जे ऐकत आल्या तेच प्रमाण. उत्तर आफ्रिकेत हिप्पोला ३९३ साली आणि कार्थेजला ३९७ साली सभा झाल्या, त्यांत सातही पुस्तकं यादीत आली. ४०५ साली पोप पहिला इनोसंट याने तूलूझच्या बिशपला पत्र लिहून तीच यादी कळवली. म्हणजे आत्यांचं "मागाहून" सोळाव्या शतकाबद्दल असेल तर ते टिकत नाही.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं. पश्चिमेत ऑगस्टीनची यादी चालली आणि भाषांतर चाललं जेरोमचं. त्या लॅटिन बायबलच्या प्रतींमध्ये जेरोमच्या प्रस्तावनाही नकलल्या गेल्या. हजार वर्षं मठामठांतले नकलनवीस तोबित उतरवत होते आणि त्याच्या आधी "हे हिब्रूत नाही" हेही उतरवत होते. गुटेनबर्गच्या छापील बायबलमध्येसुद्धा जेरोमच्या प्रस्तावना आहेत. पुस्तकं आत आणि त्यांच्यावरची शंकाही आतच. मधल्या काळात कित्येक विद्वान कॅथलिकांनी जेरोमची बाजू घेतली. ल्यूथरला जाब विचारायला पाठवलेले कार्डिनल कायेतानसुद्धा या बाबतीत जेरोमच्याच मताचे होते!

रानजाई
एका दिवसात तोबित! आमच्या प्रकाशकाला हा माणूस मिळायला हवा होता.

घाटपायथा
+१. वाचतोय. मग हजार वर्षं दोन्ही मतं नांदली तर बिनसलं कशावरून?

एल्बेकाठ
इथून पुढचं मी लिहितो. नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो आणि हा इतिहास इथे पावलोपावली भेटतो.

बिनसलं एका प्रसंगावरून, २ मक्काबी, अध्याय १२. लढाई संपल्यावर यहूदा मक्काबी आपल्या मेलेल्या सैनिकांची प्रेतं उचलायला जातो. अंगरख्यांच्या आत हात घातला तर प्रत्येकाकडे याम्नियाच्या मूर्तींचे ताईत. धर्माने निषिद्ध. ते का मेले हे सगळ्यांना उमगतं. मग यहूदा वर्गणी काढतो, सुमारे २,००० चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, मेलेल्यांच्या पापासाठी बळी अर्पण करायला. आणि लेखक म्हणतो, मृतांसाठी प्रार्थना करणं हा पवित्र विचार आहे.

आता १५१७ आठवा. ल्यूथरचा राग पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर. त्या विक्रीचा पाया पर्गेटरी, म्हणजे मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था. १५१९ च्या जुलैत लाइपझिगला ल्यूथर आणि कॅथलिक धर्मपंडित योहान एक (Eck) यांचा जाहीर वाद झाला. या योहान एकने पर्गेटरीसाठी हेच १२ वं प्रकरण पुढे केलं. ल्यूथरने उत्तर दिलं की मक्काबी हे प्रमाणग्रंथांत नाही, तेव्हा न मानणाऱ्याविरुद्ध ते पुरावा म्हणून चालणार नाही. त्याला टेकू होता जेरोमचा.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची कळ इथे आहे. पोप आणि परंपरा यांच्याऐवजी फक्त शास्त्र प्रमाण, असं एकदा म्हटलं की कुठलं पान शास्त्र आणि कुठलं नाही हे काटेकोर ठरवावंच लागतं. तोपर्यंत त्याची तातडीची गरज कोणालाच नव्हती.

पण वधूच्या काकांना सांगा, ल्यूथरने काढलं नाही. १५३४ च्या त्याच्या पूर्ण जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं आहेत. दोन करारांच्या मध्ये वेगळा विभाग केलाय आणि वर लिहिलंय की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगली आहेत.

सोपारा
पण ल्यूथरने नव्या करारालाही हात घातला होता हे सांगाल की नाही? याकोबाच्या पत्राला "गवताचं पत्र" म्हणणारा तोच.

एल्बेकाठ
हो, म्हणाला. १५२२ च्या नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण त्याने शेवटी सरकवली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांक दिला नाही. पण छापली सगळी, आणि या बाबतीत त्याचे अनुयायीच त्याच्यामागे गेले नाहीत. प्रोटेस्टंट नवा करार २७ चाच राहिला.

भिंगारवाला
आणि ट्रेंटची धर्मपरिषद विसरू नका. कॅथलिक चर्चने "हे न मानेल तो शापित" असं म्हणून यादी पक्की केली ती ८ एप्रिल १५४६ ला, ल्यूथर वारल्यावर दोनच महिन्यांनी. त्याआधी कॅथलिक माणसाला जेरोमसारखं बोलायची मोकळीक होती, त्यानंतर राहिली नाही. आत्यांचा रोख तिकडे असावा.

सोपारा
यादी तिथे जन्मली नाही, भिंगारवाला. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने तीच यादी दिली होती. ल्यूथर तेव्हा जन्मलाही नव्हता. शापवचन नवं, हे मात्र मान्य.

आणि तेही सहज झालं नाही. ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख सेरिपांदो यांनी जेरोमसारखे दोन वर्ग ठेवावेत म्हणून किल्ला लढवला. शापवचन जोडायचं की नाही यावर २४ जण बाजूने, १५ विरोधात आणि १६ तटस्थ. इतक्या थोड्या माणसांनी इतकं मोठं काम केलं, याचं मला आश्चर्य वाटत आलंय. तरीही माझी श्रद्धा त्या यादीवर आहे, कारण मंडळीने बाराशे वर्षं जे उपासनेत वाचलं त्यालाच त्यांनी दुजोरा दिला.

नदीकाठ
मग प्रोटेस्टंट बायबलमधून ही पुस्तकं प्रत्यक्ष गेली कधी? ल्यूथरकडे होती म्हणता, उंबरठा यांच्या घरच्या प्रतीत नाहीत.

अक्षरवेल्हाळ
हाच खरा प्रश्न, आणि याचं उत्तर छापखान्यात आहे.

इंग्लंडचं १६११ चं किंग जेम्स बायबल छापलं तेव्हा त्यात अपॉक्रिफा होता. १६१५ साली कँटरबरीचे आर्चबिशप अ‍ॅबट यांनी हुकूम काढला की अपॉक्रिफाशिवाय बायबल विकेल त्याला वर्षाची कैद. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांतलं सहावं कलम जेरोमचंच नाव घेऊन सांगतं की ही पुस्तकं आचरणाच्या बोधासाठी वाचावीत, त्यांवरून सिद्धांत मांडू नये. हॉलंड तर कडक कॅल्व्हिनवादी. तिथलं १६३७ चं अधिकृत बायबलही अपॉक्रिफासकट, वाचकाला इशारा देऊन. आणि त्याच हॉलंडमध्ये रेम्ब्रांट जन्मभर तोबित रंगवत होता: आंधळा म्हातारा बाप, कुत्र्यासह निघालेला मुलगा, सोबतीचा देवदूत.

कडक नकार आला ब्रिटनमधल्या प्युरिटन आणि प्रेस्बिटेरियन या कडव्या प्रोटेस्टंट पंथांकडून. १६४० च्या दशकातला वेस्टमिन्स्टर जाहीरनामा म्हणतो की ही पुस्तकं इतर मानवी लेखनापेक्षा वेगळी मानू नयेत. त्यावर शिक्कामोर्तब झालं एकोणिसाव्या शतकात. १८०४ साली ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी निघाली. ती युरोपभर स्वस्तात बायबल वाटायची, आणि तिकडच्या लोकांना अपॉक्रिफा हवा असायचा. स्कॉटलंडच्या रॉबर्ट हाल्डेन यांनी कडाडून विरोध केला, आमच्या देणग्यांतून हे छापायचं नाही म्हणून. भांडण इतकं पेटलं की स्कॉटिश शाखा फुटून निघाल्या. अखेर १८२६ साली ठरलं की अपॉक्रिफा असलेल्या बायबलला सोसायटीचा एक पैसाही जाणार नाही.

जगभरच्या मिशनांना बायबल पुरवणारी हीच संस्था. त्यामुळे ती पुस्तकं पानांतून गेली, आणि दोन-तीन पिढ्यांत आठवणीतूनही.

भिंगारवाला
आता आमच्याकडचा दुवा मी जोडतो. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला नगरला. ते काँग्रिगेशनल लोक, म्हणजे प्युरिटनांचेच वारस. मराठी बायबल आमच्या आजी-पणजीच्या हाती पडलं ते ६६ पुस्तकांचं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून आयुष्याच्या अखेरपर्यंत खपून केलेलं भाषांतरही त्याच परंपरेतलं. आमच्या घरात तोबित कोणी नाकारलं नाही, कारण ते कोणी पाहिलंच नव्हतं. मी स्वतः ते शास्त्र मानत नाही, पण हे वाईट वाटण्यासारखं आहे.

सोपारा
आणि आमची वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ ला, सुटली १७३९ ला. आमच्याकडचा धर्म ट्रेंटच्या साच्यातला. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांत दोन याद्या आल्या त्या अशा. उंबरठा, मांडवात तुमच्या आजूबाजूला हे सगळं बसलं होतं.

घाटपायथा
अवांतर: दोनच याद्या धरून बसू नका. ग्रीक ऑर्थोडॉक्सांकडे मक्काबींचं तिसरं पुस्तक आणि १५१ वं स्तोत्र आहे. इथिओपियाच्या चर्चमध्ये ८१ पुस्तकं, त्यात वर उल्लेख झालेलं हनोखसुद्धा. आणि केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचं जुनं सिरियाक बायबल, पेशित्ता, त्याच्या नव्या करारात मुळात २२ च पुस्तकं. प्रकटीकरण नाही, यहूदा नाही, पेत्राचं दुसरं नाही, योहानाचं दुसरं-तिसरं नाही.

रानजाई
माझंही एक अवांतर. ज्यूंचा हनुक्का सण मक्काबींनी मंदिर शुद्ध केलं त्याचाच ना? म्हणजे सण ज्यूंचा, त्याचा इतिहास सांगणारं पुस्तक जपलं ख्रिश्चनांनी, आणि ज्यूंच्या शास्त्रात ते नाही!

अक्षरवेल्हाळ
बरोबर. सिराखचंही तसंच. मूळ हिब्रू हरवलं होतं, ग्रीकवर चाललं होतं. १८९६ साली कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनागृहातल्या) रद्दीच्या खोलीतून आलेलं एक पान दोन स्कॉटिश जुळ्या बहिणींनी केंब्रिजला आणलं आणि सॉलोमन शेख्टर यांनी ओळखलं, हे सिराखचं हिब्रू! पुढे मसादाच्या किल्ल्यातही तुकडे मिळाले. आणि तोबितचे अरामी व हिब्रू तुकडे मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडले. म्हणजे ज्यूंमध्येही ही पुस्तकं वाचणारे लोक होते.

उंबरठा
खूप मिळालं. आत्यांना आणि काकांना दोघांनाही हा धागा पाठवलाय. आत्यांचं उत्तर आलं, "म्हणजे आमच्याच लोकांनी छापायचं थांबवलं होय?" काकांचं अजून यायचंय. आता मला ही सातही पुस्तकं वाचायचीत. सुरुवात कुठून करू? आणि वेगळं कॅथलिक बायबलच घ्यावं लागेल का?

एल्बेकाठ
इंग्रजी चालत असेल तर बऱ्याच आवृत्त्यांत ही पुस्तकं मध्ये वेगळ्या विभागात मिळतात. १९६८ साली व्हॅटिकन आणि बायबल सोसायट्यांनी एकत्र भाषांतर करायची तत्त्वं ठरवली, तेव्हापासून हा तोडगा रूढ झाला.

सोपारा
मराठी कॅथलिक बायबल वसईत कुठल्याही चर्चमध्ये विचारा, मिळेल. सुरुवात सुसन्नापासून करा, कॅथलिक दानीएलाचा १३ वा अध्याय. दोन म्हातारे न्यायाधीश एका सज्जन बाईवर खोटा आळ घेतात. तिला मरणाची शिक्षा होते. तरुण दानीएल दोघांना वेगवेगळं उभं करून एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंस? दोघं दोन झाडं सांगतात. बसल्या बैठकीला वाचून होतं.

भिंगारवाला
सुसन्ना वाचाच, पण त्यानंतर तोबितकडे न वळता १ मक्काबी घ्या. मलाखी आणि मत्तय यांच्यामध्ये आमच्या बायबलमध्ये एक कोरं पान आहे, आणि त्या चारशे वर्षांत काय झालं हे आम्हाला संडे स्कूलमध्ये कोणी सांगितलं नाही. अलेक्झांडरच्या मरणानंतर त्याचं राज्य सरदारांनी वाटून घेतलं तिथून ते पुस्तक सुरू होतं. शास्त्र म्हणून नको, इतिहास म्हणून वाचा. मी आमच्या मंडळीतल्या तरुणांच्या गटात पुढच्या महिन्यापासून वाचायला घेतोय. पाळकांची परवानगी काढली आहे.